वाजवून

फेर्दानं मला नेलं ते भाव करायला.
झांजांतलं मला काय कळतं?
बँडमध्ये मी कीबोर्ड वाजवतो, आणि गुरुवारी
एस्कीशेहिरच्या बाजारात कांद्याची पात विकतो.
गिऱ्हाईक पाठ कधी फिरवतं
आणि कधी नुसतं फिरवल्यासारखं करतं,
एवढं मात्र मला नेमकं कळतं.

इस्तंबूलच्या पार टोकाला, टायरच्या गोदामामागं
ताहसीन उस्तांचं दुकान. दुकान कसलं,
भट्टी, ऐरण, काजळी,
आणि खुंट्यांना टांगलेलं भिंतभर कांसं.
मला तर झाकणंच वाटली, मोठाल्या पातेल्यांची.

चार भाग तांबं, एक भाग कथील.
ओतायचं, लाटायचं, पुन्हा तापवायचं,
आणि मग हातोडा.
एका राईडला घाव किती? मी विचारलं.
उस्ता म्हणाले, मोजायला वेगळा पोरगा ठेवावा लागेल.

फेर्दाच्या पाकिटात बावीस हजार लिरा.
नऊ लग्नांची बिदागी,
वर शाळेच्या बसवरचा आगाऊ उचललेला पगार.
पूर्ण संचाला चौतीस.
मी तोंड वाकडं केलं. ते माझं काम.

तिनं पिशवीतून काठी काढली.
पहिली: बादली.
दुसरी बरी, पण बोलायला लागली की थांबत नाही,
माझ्या मेहुण्यासारखी.
पाचवीला ती गप्प झाली. पुन्हा मारली, हलकेच.
ठोक्याचं टिंब स्वच्छ,
आणि त्याच्यामागून पातळ, सायीसारखं
काहीतरी पसरत गेलं खोलीभर.
पंधरा हजार. मी घासाघीस केली. पंधराच.

उरले सात. हाय-हॅटची एकही जोडी त्यात बसेना.
क्रॅशचं तर नावच नको.
घरी जुना आहे, कडेला चीर गेलेला.
चिरेच्या टोकाला तिनं भोक पाडून ठेवलंय,
म्हणजे पुढे जायची नाही.

मेजाखाली एक खोकं होतं. त्यात दोन सुट्या.
जाड, चकचकीत, ती उस्तांची.
तिची जोडीदार भट्टीत तडकली.
दुसरी काळपट, पातळ, न तासलेली.
'ओर्कुनची,' उस्ता म्हणाले.
'अकरा वर्षं होता इथं. आता समोरच्या गल्लीत त्याचं स्वतःचं.
तिच्यावर माझा शिक्का बसणार नाही.
न्या दोन्ही चार हजारांत, भंगार म्हणून.'

फेर्दानं जड खाली ठेवली, हलकी वर.
पायानं दाबली.
चिक्.
दोन हातांचे घाव, एकाचे खळगे दुसऱ्यात बसत नव्हते,
मधून वारा निसटत होता,
म्हणून आवाज कोंडत नव्हता.
अर्धी उघडून तिनं लग्नातला नऊचा ठेका धरला.

उस्तांचा चहातला चमचा थांबला.
'पुन्हा.'
तिनं पुन्हा वाजवलं.
'पुन्हा.'
मग म्हणाले, 'सात हजार.'

आत्ताच तर चार म्हणालात!
'तेव्हा मी ऐकली नव्हती.'

मडकंसुद्धा माणूस वाजवून घेतो,
पण वाजवल्यावर भाव चढलेला
वीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिला.
फेर्दाची बाही ओढली, दाराकडे चल म्हणून.
ती हलेना. पाठ फिरवायचं नाटक
तिला आयुष्यात कधी जमलं नाही,
ना नवऱ्यासमोर, ना इथं.

साडेसहावर मिटलं.
पाचशे उरले, तिकिटाला आणि दोन सिमितना.
उस्तांनी पावती लिहिली, पेन झटकून, सावकाश:
राईड, एक.
हाय-हॅट, एक जोड.
'जोड' वर थोडे अडखळले, पण लिहिलं.

समोरच्या गल्लीतून निघालो.
एक शटर अर्ध्यावर ओढलेलं,
आतून हातोडा.
गाडी चुकेल, मी म्हणालो.
फेर्दा थांबली, मान किंचित कललेली,
पिशवी पोटाशी.

'लय तीच आहे,' म्हणाली.
'जरा घाई करतो, एवढंच.'